चौथं नाटक

ग्रीक शोकांतिकांबद्दल थोडंफार वाचलेल्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. ही मंडळी एका दिवसात तीन-तीन शोकांतिका ओळीने बघत कशी होती? बापाचा खून, आईशी लग्न, पोटच्या पोरांची हत्या, फोडून घेतलेले डोळे. एक पाहिलं तरी रात्री जेवण जाऊ नये अशी ही नाटकं. मग तिसऱ्या नाटकानंतर प्रेक्षक घरी तरी कसे जात असतील?

उत्तर सोपं आहे. तिसऱ्या नाटकानंतर ते घरी जातच नसत. चौथं नाटक बाकी असे. त्यात शेपट्या लावलेले डझनभर टगे रंगभूमीवर धावत येत, दारू शोधत, बायकांच्या मागे लागत आणि संकट दिसलं की एकमेकांच्या पाठीमागे लपत. या टग्यांना सॅटिर म्हणत आणि त्यांच्या नाटकाला सॅटिर-नाटक. पाठ्यपुस्तकं शोकांतिकेला पन्नास पानं देतात आणि या चौथ्या नाटकाला एक परिच्छेद. या प्रकरणात तो हिशेब जरा उलटा करू.

१. स्पर्धेचा नियम

अथेन्समध्ये दरवर्षी वसंत ऋतूत डायोनिसस या देवाचा मोठा उत्सव भरे. डायोनिसस हा द्राक्षाचा, मद्याचा, अंगात येण्याचा आणि मुखवट्याचा देव. त्याचं नाट्यगृह अ‍ॅक्रॉपॉलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर होतं; त्याचे अवशेष आजही तिथे आहेत. इ.स.पू. पाचव्या शतकात या उत्सवात तीन नाटककारांची स्पर्धा होई. प्रत्येकाने चार नाटकं सादर करायची: तीन शोकांतिका आणि शेवटी एक सॅटिर-नाटक. चारही एकाच कवीची.

हा नियम नीट लक्षात घ्यायला हवा. विनोदी नाटकं लिहिणारे कवी अथेन्समध्ये वेगळे होते आणि त्यांची स्पर्धाही वेगळी होती. अ‍ॅरिस्टोफेनीस शोकांतिका लिहीत नसे आणि सोफोक्लीज प्रहसनं लिहीत नसे. पण सॅटिर-नाटक मात्र शोकांतिकाकारालाच लिहावं लागे. ज्याने दिवसभर रडवलं, त्यानेच शेवटी शेपट्या नाचवायच्या.

एक उदाहरण घेऊ. इ.स.पू. ४६७ साली एस्किलसने पहिलं बक्षीस मिळवलं. त्याची पहिली तीन नाटकं थीब्जच्या एकाच राजघराण्यावर होती. 'लायस'मध्ये देववाणी धुडकावणारा बाप, 'ईडिपस'मध्ये त्याच बापाला नकळत मारून आईशी लग्न करणारा मुलगा आणि 'थीब्जवर चालून आलेले सात'मध्ये एकमेकांच्या हातून मरणारे दोन नातू. तीन पिढ्यांत घराणं संपलं. आणि चौथं नाटक? 'स्फिंक्स'. म्हणजे कवी पुन्हा मागे गेला. ईडिपसने जिचं कोडं सोडवलं ती सिंहाच्या अंगाची राक्षसी आणि तिच्यासमोर सॅटिर! या नाटकाचे जेमतेम तुकडे उरले आहेत. पण त्याच काळातल्या एका पाण्याच्या घड्यावर म्हातारे सॅटिर उंची वस्त्रं नेसून, हातात राजदंड धरून स्फिंक्सपुढे बसलेले दिसतात. ते चित्र याच नाटकावरून काढलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. ज्या कोड्यापायी एक घराणं बुडालं, त्याच कोड्यापुढे ही टोळी राज्याच्या ज्येष्ठ मंडळींचा आव आणून बसली आहे.

२. हे आहेत तरी कोण?

सॅटिर देव नाहीत, माणसं नाहीत आणि राक्षसही नाहीत. ते रानात राहतात आणि डायोनिससच्या मागे मागे फिरतात. जुन्या ग्रीक चित्रांत त्यांचं रूप ठरलेलं आहे: माणसाचं शरीर, पण कान आणि लांब शेपूट घोड्याचं, बसकं नाक, पुढून टक्कल, भरघोस दाढी आणि बहुतेक वेळा ताठ लिंग. ग्रीक चित्रकाराला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नसे. सॅटिर म्हणजे आवर नसलेली भूक, हे त्याला एका रेषेत सांगायचं होतं.

बकऱ्याचे पाय? ते पुढे येतील. सुरुवातीच्या सॅटिरात बकऱ्याचं काही नाही.

फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात मद्य आणि पाणी मिसळण्याचं एक मोठं भांडं आहे. साधारण इ.स.पू. ५७० मधलं. एर्गोटिमॉस या कुंभाराने घडवलेलं, क्लायटियासने रंगवलेलं; दोघांच्या सह्या त्यावर आहेत. (१९०० साली संग्रहालयाच्याच एका रखवालदाराने रागाच्या भरात ते फोडलं. ६३८ तुकडे झाले. तरी ते पुन्हा जोडलं गेलं.) त्यावर एक मिरवणूक आहे. लंगडा लोहार-देव हेफेस्टस आईवर रुसला आहे. त्याने तिला एक सिंहासन भेट पाठवलं. ती बसली आणि अडकली. देवांच्या विनवण्या वाया गेल्या. अखेर डायोनिससने हेफेस्टसला यथेच्छ पाजलं, गाढवावर बसवलं आणि देवलोकात आणलं. मागे चालले आहेत तिघं सॅटिर; यांचे तर पायही घोड्याचे. एकाच्या खांद्यावर मद्याने भरलेली कातडी पखाल आहे, एक जोडपावा वाजवतो आहे, तिसऱ्याने बाई उचलली आहे. सॅटिरांचं सगळं चरित्र या तिघांत आलं: दारू, वाद्य, बायका.

त्यांचा म्हातारा बाप किंवा म्होरक्या म्हणजे सायलिनस. तो दारुडा, भित्रा, बढाईखोर. पण त्याच्याबद्दल एक वेगळीच कथा ग्रीक लोक सांगत. फ्रिजियाच्या मिडास राजाने झऱ्यात मद्य मिसळून त्याला पकडलं आणि विचारलं, माणसासाठी सगळ्यांत चांगलं काय? म्हातारा आधी बोलेना. मग म्हणाला, जन्मालाच न येणं. आणि आलातच तर लवकर मरणं. ग्रीक विचारातलं सगळ्यांत काळंकुट्ट वाक्य एका दारुड्याच्या तोंडी घातलं आहे. तत्त्वज्ञ नीत्शेला या कथेने इतकं पछाडलं, की १८७२ सालच्या त्याच्या शोकांतिकेवरच्या पुस्तकात ती मध्यवर्ती होऊन बसली.

३. एकमेव पूर्ण नाटक

एस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीस या तिघांच्या नावावर आज ३३ पूर्ण नाटकं आहेत. त्यांत सॅटिर-नाटक एकच: युरिपिडीसचं 'सायक्लॉप्स'. तेही कुणी रसिकाने निवडून जपलं म्हणून नाही. युरिपिडीसची नाटकं वर्णानुक्रमाने लावलेल्या एका जुन्या संचाचा मधला थोडा भाग मध्ययुगापर्यंत टिकला. ग्रीकमध्ये या नाटकाचं नाव 'क'ने सुरू होतं आणि ते त्या टिकलेल्या भागात सापडलं.

कथा होमरच्या 'ओडिसी'च्या नवव्या सर्गातली. एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस ओडिसियसचे सोबती खातो; ओडिसियस त्याला मद्य पाजून त्याचा डोळा जाळतो. होमरच्या कथेत सॅटिर कुठेच नाहीत. युरिपिडीसने ते आत सोडले. चाच्यांनी पळवलेल्या डायोनिससला शोधायला ते जहाजातून निघाले, वादळात सिसिलीच्या एट्ना पर्वताशी लागले आणि राक्षसाचे गुलाम झाले. नाटक सुरू होतं तेव्हा सायलिनस गुहा झाडतो आहे आणि पोरं मेंढ्या राखताहेत. गुलामीपेक्षा मोठं दुःख हे, की इथे थेंबभर दारू मिळत नाही.

ओडिसियस मद्याची पखाल घेऊन येतो. सायलिनस एका घोटावर मालकाची मेंढरं आणि चीज विकून मोकळा होतो. तेवढ्यात राक्षस परततो. म्हातारा कोलांटी मारतो: या परक्यांनी मला बडवलं आणि माल लुटला! वर पोरांच्या जिवाची शपथ घेतो. पोरं तिथेच बापाला खोटं पाडतात.

राक्षस मात्र नुसता अडाणी रानटी नाही. ओडिसियस पाहुणचाराच्या धर्माची आठवण देतो, तेव्हा पॉलिफेमस छानपैकी प्रवचन झोडतो: शहाण्याचा देव म्हणजे संपत्ती, आणि माझ्यापुरता सगळ्यांत मोठा देव म्हणजे माझं पोट. अथेन्समध्ये त्या काळी पैसे घेऊन युक्तिवाद शिकवणारे पंडित फार झाले होते. त्यांची भाषा प्रेक्षकांनी लगेच ओळखली असणार.

यानंतरचा प्रसंग मला सगळ्या ग्रीक रंगभूमीवरचा एक उत्तम प्रसंग वाटतो. सॅटिरांनी आधी मोठ्या तोंडाने वचन दिलेलं असतं, की जळता ओंडका धरायला आम्ही येतो. वेळ येते. एक गट म्हणतो, आम्ही दारापासून फार लांब उभे आहोत. दुसरा म्हणतो, आम्ही आत्ताच लंगडे झालो. तिसरा म्हणतो, उभ्या उभ्याच आमचे पाय मुरगळले. कुणाच्या डोळ्यात राख गेली. मग एकाला सुचतं: ऑर्फियसचा एक मंत्र आम्हाला येतो, तो म्हटला की ओंडका आपोआप जाऊन डोळ्यात घुसेल! ओडिसियस वैतागून आपल्याच माणसांना घेऊन आत जातो आणि सॅटिर बाहेरून जोरजोरात गाणं म्हणतात. काम झाल्यावर आंधळ्या राक्षसाला चुकीच्या दिशा सांगून दगडावर आपटवायला मात्र सगळे पुढे.

आपल्या तमाशातल्या गवळणीत कृष्णाबरोबर पेंद्या असतो. कथा देवाची, पण त्या कथेत आपल्यासारखा बोबडा, खादाड, भित्रा कुणीतरी हवा म्हणून तो येतो. सॅटिरांचं काम जवळपास तेच. फक्त इथे एका पेंद्याच्या जागी अख्खी टोळी आहे आणि गवळण वगाच्या आधी येते, तर ही टोळी सगळ्यांत शेवटी. दोन्हीकडे थट्टा नायकाची होत नाही. 'सायक्लॉप्स'मधला ओडिसियस शोकांतिकेतल्या भाषेत बोलतो, सोबत्यांसाठी कळवळतो, देवांना हाका मारतो. तो विनोदी नाही. विनोदी आहे ते सॅटिरांचं त्याच्या शेजारी उभं राहणं. म्हणून सॅटिर-नाटकाला शोकांतिकेचं विडंबन म्हणणं मला पटत नाही. कथा तशीच गंभीर राहते. त्या कथेत आपण असतो तर काय केलं असतं, एवढंच सॅटिर दाखवतात.

४. उकिरड्यातलं नाटक

१९०७ साली इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यात ऑक्सफर्डच्या ग्रेनफेल आणि हंट या दोघा अभ्यासकांना पपायरसचे तुकडे सापडले. पपायरस म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद. वाळवंटाच्या कोरड्या हवेत तो शतकानुशतकं टिकतो. हे तुकडे निघाले सोफोक्लीजच्या 'माग काढणारे' या सॅटिर-नाटकाचे. १९१२ साली ते छापले गेले आणि चारशेहून अधिक ओळी हाती आल्या; काही सलग, काही फाटक्या.

अपोलो देवाच्या गाई चोरीला गेल्या आहेत. शोधून देणाऱ्याला बक्षीस. सायलिनस आपली पोरं कामाला लावतो, कारण सोनं मिळणार आणि स्वातंत्र्यही. पोरं जमिनीला नाक लावून माग काढतात, पण खुरांचे ठसे उलटे गेलेले! तेवढ्यात जमिनीखालून एक आवाज येतो. असा आवाज जगात कुणीच ऐकलेला नाही. पोरांची गाळण उडते. बाप त्यांना भेकड म्हणून झापतो, आपल्या तरुणपणच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. आणि आवाज पुन्हा येताच त्याचीही तीच गत होते.

शेवटी पर्वतावरची अप्सरा बाहेर येते. नुकत्याच जन्मलेल्या हर्मीस देवाने कासवाच्या कवचाला तारा लावून वाद्य केलं आहे, त्याचा हा आवाज. मेलेला प्राणी गातो कसा, हे काही सॅटिरांना उमजत नाही. पण वाद्यावर गाईचं कातडं ताणलंय म्हटल्यावर चोर कोण, ते त्यांना चटकन कळतं. पुढे पपायरस फाटलेला आहे.

उरलेल्या तुकड्यांवरून दिसतं, की अशा पहिल्यावहिल्या गोष्टी सॅटिर-नाटकाला फार आवडत. जगातलं पहिलं वाद्य, पहिली आग, पहिलं मद्य. एस्किलसच्या एका नाटकात सॅटिर पहिल्यांदाच विस्तव बघतो, मोहून जातो आणि त्याचा मुका घ्यायला धावतो; प्रॉमिथियस त्याला बजावतो, की दाढी जळाली म्हणून रडत बसशील. शोकांतिकेत प्रॉमिथियसने माणसाला आग दिली म्हणून त्याला कड्याला जखडतात. इथे त्याच आगीकडे लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. या भागाला मी विनोदापेक्षाही जास्त मोल देतो. वीणेचा पहिला सूर ऐकून घाबरण्याचा हक्क शोकांतिकेतल्या राजाला नाही. तो सॅटिरालाच आहे.

इंग्रज कवी टोनी हॅरिसनने या तुकड्यांवर नवं नाटक लिहिलं आणि १९८८ साली डेल्फीच्या प्राचीन क्रीडांगणात ते झालं. त्यात ग्रेनफेल आणि हंट हीच पात्रं आहेत. एक पुढे अपोलो होतो, दुसरा सायलिनस.

५. शेपटीमागचे नागरिक

हे सॅटिर व्हायचं कोण? ग्रीक नाटकात दोन-तीन नट आणि एक कोरस असे. कोरस म्हणजे गाणारा-नाचणारा समूह. आधी १२ जणांचा, नंतर १५ जणांचा. ही मंडळी धंदेवाईक नट नव्हती, अथेन्सचे नागरिक होते. आणि बहुधा एकच कोरस कवीची चारही नाटकं करी. सकाळी जे तरुण राजवाड्यासमोर शोक करणाऱ्या बायका किंवा नगरीतले वृद्ध झाले होते, तेच उन्हं कलल्यावर शेपट्या लावून उड्या मारायला लागत.

नेपल्सच्या संग्रहालयात साधारण इ.स.पू. ४०० मधला एक मोठा कलश आहे. तो पाहिला की रंगपटात डोकावल्यासारखं होतं. मधोमध डायोनिसस आणि अरियाड्नी. खाली प्रोनोमॉस नावाचा थीब्जचा प्रख्यात वादक जोडपावा फुंकतो आहे. कलश त्याच्याच नावाने ओळखला जातो. नाटककाराजवळ गुंडाळी आहे. सिंहाचं कातडं घेतलेला नट हेराक्लीसचा मुखवटा हातात धरून उभा. भोवती कोरसमधले तरुण: दाढी-मिशी नसलेले देखणे चेहरे, हातात मात्र बसक्या नाकाचे दाढीवाले मुखवटे. कमरेला केसाळ चड्डी, तिलाच पुढे लिंग आणि मागे शेपूट शिवलेली. बहुतेकांशेजारी त्यांची नावं लिहिली आहेत. एकाने मात्र मुखवटा चढवला आहे आणि तो नाचायला लागला आहे. मुखवटा हातात असेपर्यंत तो कुणा अथेन्सकराचा मुलगा. डोक्यावर चढला की सॅटिर. चित्रकाराने ही सीमारेषा मुद्दाम एका माणसापुरती ओलांडली आहे.

६. मार्सियस

एका सॅटिराची कथा मात्र हसवत नाही.

अथेना देवीने जोडपावा शोधून काढला, पण तो फुंकताना गाल फुगून चेहरा विद्रूप दिसतो हे पाण्यात पाहिल्यावर तिने तो फेकून दिला. मार्सियस नावाच्या सॅटिराने तो उचलला आणि इतका छान वाजवायला लागला, की त्याने अपोलोलाच आव्हान दिलं. पैज अशी, की जिंकणारा हरणाऱ्याचं हवं ते करील. एका कथेनुसार अपोलोने आपलं तंतुवाद्य उलटं धरून वाजवलं आणि म्हणाला, आता तूही तसंच कर. पावा उलटा कसा वाजणार? मार्सियस हरला. अपोलोने त्याला झाडाला बांधून जिवंतपणी सोललं. त्याची कातडी फ्रिजियातल्या सेलिनीत टांगलेली असल्याचं इतिहासकार हेरोडोटसने नोंदवलं आहे.

ही कथा सहज वाचायची नाही. बाजू कोणाची घ्यायची? शिल्पकार मायरनने इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्यावर अथेना आणि मार्सियस यांची ब्राँझची जोडी घडवली. त्याने शिक्षा दाखवली नाही. पाव्याकडे झेपावता झेपावता देवीच्या दराऱ्याने मागे सरकलेला मार्सियस दाखवला. मूळ मूर्ती गेली, संगमरवरी रोमन प्रती उरल्या. रोमन लोकांनी तर आपल्या नगरचौकात मार्सियसचा पुतळा उभारला आणि पुढे तो नागरी स्वातंत्र्याची खूण मानला गेला. चित्रकार टिशियनने आयुष्याच्या अखेरीस हाच प्रसंग रंगवला. ते चित्र चेक प्रजासत्ताकातल्या क्रोमेर्झीझ इथे आहे. त्यात मार्सियस उलटा टांगलेला आहे, शेजारी कुणी वाद्य वाजवतंय, एक छोटा कुत्रा रक्त चाटतोय.

प्लेटोच्या 'सिंपोझियम'मध्ये दारू चढलेला राजकारणी अल्किबायडीस सॉक्रेटिसला मार्सियस म्हणतो. मार्सियस वाद्याने माणसं झपाटायचा, हा नुसत्या शब्दांनी झपाटतो! सॉक्रेटिस दिसायलाही तसाच होता: बसकं नाक, बटबटीत डोळे. अल्किबायडीस आणखी एक उपमा देतो: मूर्तिकारांच्या दुकानात सायलिनसच्या मूर्ती असतात, बाहेरून ओबडधोबड, उघडल्या की आत देवांच्या प्रतिमा. अथेन्सने सॉक्रेटिसलाही शेवटी मारलंच.

७. बकऱ्याचे पाय

इ.स.पू. ३४१ पर्यंत अथेन्सच्या उत्सवात सॅटिर-नाटक फक्त एक उरलं होतं, तेही सुरुवातीला, कुठल्याही शोकांतिकेशी न जोडलेलं. त्याआधीच इ.स.पू. ४३८ साली युरिपिडीसने चौथ्या जागी 'अल्केस्टिस' हे सॅटिरविरहित नाटक करून पाहिलं होतं. रंगभूमीवरचं महत्त्व ओसरलं, तसे सॅटिर शिल्पात मवाळ झाले. शिल्पकार प्रॅक्झिटेलीसच्या नावावर सांगितला जाणारा, झाडाला टेकून उभा असलेला सॅटिर इतका सुकुमार आहे, की टोकदार कान दिसले नाहीत तर राजपुत्र वाटावा. १९९८ साली सिसिलीच्या समुद्रात मासेमारांच्या जाळ्यात एक ब्राँझचा नाचणारा सॅटिर आला. हात नाहीत, एकच पाय, मान मागे झोकलेली. त्याआधी एक पाय वेगळा सापडला होता. हा सॅटिर आता मात्सारा देल व्हालो गावात स्वतःच्या संग्रहालयात आहे.

मग बकऱ्याचे पाय आले कुठून? पॅनकडून. पॅन हा अर्केडियाच्या धनगरांचा देव. शिंगं आणि बकऱ्याचे पाय मुळात त्याचे. तोही रानातला, तोही पावा वाजवणारा, तोही अप्सरांच्या मागे. हळूहळू दोघं एकमेकांत मिसळत गेले. रोमन लोकांचे रानदेव फॉन त्यात आणखी भर घालून गेले. ख्रिस्ती काळात शिंगं-खुरं सैतानाकडे गेली हे खरं, पण सगळ्यांनीच सॅटिरला सैतान मानलं नाही. चौथ्या शतकात संत जेरोमने लिहिलेल्या एका चरित्रात वाळवंटातून जाणाऱ्या संत अँटनीला एक सॅटिर भेटतो, खजूर देतो आणि म्हणतो, मीही मर्त्यच आहे, आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना कर.

पुनरुज्जीवन काळापर्यंत बकऱ्याचे पाय पक्के झाले. मायकेलअँजेलोच्या 'बॅकस'च्या (म्हणजे डायोनिससच्याच) मागे लपून द्राक्षं खाणारं पोर, टिशियनच्या 'बॅकस आणि अरियाड्नी'त वासराचं मुंडकं ओढणारं पोर, दोघांचे पाय बकऱ्याचे. म्हणजे संग्रहालयात गेलात तर एक साधी खूणगाठ पुरेशी आहे. मातीच्या काळ्या-लाल भांड्यावर घोड्याची लांब शेपूट दिसली, तर तो जुना ग्रीक सॅटिर. संगमरवरात माणसाचे पाय आणि आखूड शेपटी दिसली, तर बहुधा नंतरचा ग्रीक किंवा रोमन. प्राचीन मूर्तीला पूर्ण बकऱ्याचे पाय असतील, तर तो बहुतेक वेळा पॅन. आणि तैलचित्रात बकऱ्याच्या पायांचा कुणी दिसला, तर चित्रकार युरोपातला आहे आणि त्याने ग्रीक कलशापेक्षा रोमन पुस्तकं जास्त वाचली आहेत.